यांगत्सेत धुतलेले फोटो

आधी तुम्हाला हेनी व्हावं लागेल.

साल १८७८. स्कॉटलंडच्या पश्चिमेला मल नावाचं बेट, आणि त्या बेटावरचं टोबरमोरी हे बंदराचं गाव. पाऊस थांबलाय, म्हणजे थोड्या वेळानं पुन्हा सुरू होणार आहे. आज प्रवासी टोबरमोरीच्या धक्क्यावर ज्या घड्याळाच्या मनोऱ्यासमोर उभे राहून फोटो काढतात, तो अजून बांधलेला नाही. बोटीवरून टपालाची थैली उतरते आणि तुमच्या हातात एक जाडजूड पाकीट पडतं. अक्षर ओळखीचं. शाई काही ठिकाणी पसरलेली. कागद पातळ, दोन्ही बाजूंनी भरलेला. जपानहून निघालेलं हे पत्र इतके आठवडे वाटेत आहे की लिहिणारी आत्ता कुठे असेल, याचा तुम्हाला अंदाजही करता येत नाही.

तुमचं नाव हेन्रिएटा बर्ड, घरातलं नाव हेनी. लिहिणारी तुमची थोरली बहीण इसाबेला. वय सेहेचाळीस, उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. अठराव्या वर्षी पाठीच्या कण्याजवळची गाठ काढलेली, आणि तेव्हापासून दुखणी सुरू. घरी असल्या की यांची पाठ धरते, झोप उडते, आठवडेच्या आठवडे अंथरूण सुटत नाही. डॉक्टर हवापालट सुचवतात. मग बाई बोटीत बसतात आणि परदेशात उतरल्या की घोड्यावरून डोंगर चढतात, गोठ्यात झोपतात, वादळात गाणी म्हणतात. पाच वर्षांपूर्वी रॉकी पर्वतातून आलेली पत्रंही तुमच्याच नावानं आली होती. बर्डबाईंचं पुस्तक म्हणून जग जे वाचतं, ते मुळात तुमचं टपाल आहे, एवढं ध्यानात ठेवा.

पाकीट फोडा.

पहिल्या पानावरच तुम्ही टोकियोहून निघता. माणसानं ओढायची दोनचाकी गाडी, बरोबर घडीची खाट, रबराचं न्हाणं, मेक्सिकन खोगीर, आणि इतो नावाचा पोरगेला दुभाषा. इतो त्सुरुकिची. पगार ठरवताना त्याचा चेहरा बाईंना फारसा आवडलेला नव्हता, तरी ठेवून घेतला. पुढे सगळा प्रवास याच मुलाच्या तोंडून ऐकला जाणार आहे. जपानमध्ये बाईंनी जे जे ‘ऐकलं’, त्यातलं बरंचसं इतोनं निवडून दिलेलं होतं, हे वाचताना विसरू नये.

पहिला मुक्काम कासुकाबेच्या सराईत. खोली म्हणजे कागदी सरकत्या दारांचा खोका. चटईत पिसवा, बाहेर डास, शेजारी कुणीतरी तारस्वरात वाद्य वाजवतंय. तुम्ही खाट उघडून बसता, पाय वर घेता आणि दाराकडे बघता. कागदाला भोकं आहेत. प्रत्येक भोकाला एकेक डोळा लागलेला आहे. एक डोळा मिटतो, त्या जागी दुसरा येतो. तुम्ही जपान बघायला आलात, आणि पहिल्या रात्री जपान तुम्हाला बघतोय. बाई घाबरल्या होत्या, आणि ते त्यांनी बहिणीपासून लपवलं नाही. हा पत्राचा मोठा गुण. पुस्तक लिहिणारा शूर होतो. बहिणीला लिहिणारी मात्र कुठल्या रात्री झोप लागली नाही तेही सांगून टाकते.

पुढे निक्को. कानाया यांच्या घरी खोली मिळते. लाकूड आरशासारखं, चटया पांढऱ्याशुभ्र, कोनाड्यात एकच फांदी. इथे मुक्काम लांबतो. इथे तुम्ही जमिनीवर बसून लिहिता आणि दौत सारखी जपता, कारण या चटईवर शाईचा एक थेंब सांडला तर काय, ही धास्ती बाईंना जरा घाणेरडी खोली बरी असं म्हणायला लावते. सकाळी पोरं शाळेत जातात, दुपारी बायका शिवणकाम करतात, संध्याकाळी सगळं घर मुलांशी खेळतं. देवळांचं वर्णन करायला लोक पुष्कळ होते. बाईंनी टिपली ती घरातली उठबस. प्रवाशाला हे सुचत नाही, कारण प्रवासी उंच जागा शोधतो; बहिणीला सांगायचं असलं की मात्र ‘जेवायला काय होतं’ इथूनच सुरुवात होते.

ऑगस्टात तुम्ही उत्तरेच्या बेटावर, बिरातोरी गावात आहात. आयनू लोकांचं गाव. पेन्रिउक नावाच्या प्रमुखाचं घर, मध्ये चुलाणं, धूर छपरातून जमेल तसा बाहेर पडतोय. दाढीवाले वृद्ध पुरुष आगीभोवती बसलेत. बाई एकेक वस्तू दाखवून शब्द विचारतात आणि वहीत उतरवतात. रीतीभाती, देव, लग्न, मर्तिक, सगळं विचारतात. इतोला हे पसंत नाही. आयनूंशी अदबीनं बोल म्हटल्यावर तो म्हणतो, ती काय माणसं आहेत? आणि मग रात्री उशिरा एक गोष्ट होते, जी मला या सगळ्या पत्रांमधली सगळ्यात अस्वस्थ करणारी वाटते. ती म्हातारी माणसं विनवतात, आम्ही तुम्हाला आमच्या चालीरीती सांगितल्या हे जपानी सरकारला कळू देऊ नका.

बाई शब्द देतात. आणि ते सगळं तुम्हाला लिहून पाठवतात. दोन वर्षांनी ते लंडनमध्ये छापलंही जाणार आहे.

आता पाकीट मिटा. फोटो एकही नाही, हे लक्षात आलं का? या प्रवासात बाईंकडे कॅमेरा नव्हता, चार-दोन रेखाचित्रं तेवढी होती. चुलाण्याचा धूर, चटईचा शुभ्रपणा, भोकातला डोळा, सगळं शब्दांनी उभं करावं लागलं, कारण बेटावर बसलेली एक बाई हे डोळ्यांसमोर आणायला बघणार होती. पत्राला कुणीतरी वाचणारं लागतं. आणि वाचणारं कोण, त्यावर काय दिसायचं ते ठरतं.

आता हेनी होणं सोडून द्यावं लागेल. ४ जून १८८० रोजी टोबरमोरीला टायफॉइडनं हेनी गेली.

जपानच्या पत्रांचं पुस्तक त्याच वर्षी जॉन मरे यांनी दोन खंडांत काढलं. छपाई होईपर्यंत ज्या बहिणीसाठी ही पत्रं लिहिली ती उरली नाही, असं बाईंना प्रस्तावनेत लिहावं लागलं. हेनीवर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन बिशप यांच्याशी पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. पाच वर्षांनी तेही गेले. त्यांच्या नावानं बाईंनी श्रीनगरला दवाखाना उभारायला पैसे दिले, तिथून लडाखपर्यंत जाऊन आल्या. १८९२ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं पहिल्यांदा बायकांना सभासद करून घेतलं, त्यात त्या होत्या. पुढच्या वर्षी सोसायटीतल्या पुरुषांनी हे दार पुन्हा लावून टाकलं, ते वीस वर्षं उघडलं नाही. असो.

या सुमारास साठीला आलेल्या या बाई फोटोग्राफी शिकतात. शिकवणारा साधासुधा नाही. जॉन थॉमसन. १८६८ ते १८७२ या काळात चीनभर हिंडून त्यानं फोटो काढले, तेव्हा ओल्या कलोडियनची पद्धत होती. काचेवर रसायन ओतायचं, ओलं असतानाच फोटो काढायचा, आणि वाळायच्या आत तंबूत शिरून धुवायचा. सगळा खेळ काही मिनिटांचा. म्हणजे थॉमसन जिथे जाई तिथे त्याच्याबरोबर हमाल, बाटल्या, काचा आणि काळोख करायचा तंबू जाई. बाईंच्या वेळेपर्यंत कोरड्या प्लेटा आल्या होत्या. काच तयार मिळे, फोटो आज काढून रात्री, उद्या, आठवड्यानं धुता येई. एकट्या बाईला जगभर फोटो काढत हिंडणं शक्य झालं ते या बदलामुळे.

मैत्रिणींना त्या अजूनही लांबलचक पत्रं लिहीत. पण टोबरमोरीचा पत्ता गेला होता. मला वाटतं, कॅमेरा आला तो या रिकाम्या जागेत. याला पुरावा द्या म्हणाल तर माझ्याकडे नाही. जपानचं आणि पुढे आलेलं चीनचं अशी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचलीत तर तुम्हालाही ते जाणवेल, एवढंच म्हणेन. जपानच्या पत्रांत ‘मी’ आहे, पिसवा आहेत, धास्ती आहे. चीनच्या पुस्तकात मापं आहेत, भाव आहेत, व्यापाराचे आकडे आहेत, आणि फोटो आहेत.

चला तर मग, यिचांगला.

१८९६ चा हिवाळा. यांगत्से नदीत आगबोट यिचांगपर्यंतच नियमित येते. पुढे खिंडी सुरू होतात. तुम्ही एका लहानशा लाकडी नावेत बसला आहात. मध्यभागी फळ्यांची खोली, फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. नाळेकडे चटयांच्या आडोशाला सोळा माणसं राहतात, जेवतात, झोपतात. बाई चौसष्ट वर्षांच्या आहेत. अंगावर सैल चिनी पोशाख. बरोबर बे-दिएन नावाचा दुभाषा. सामानात तिकाटण्यावर ठेवायचा सात-आठ किलोंचा कॅमेरा, हातात धरायचा दुसरा छोटा, आणि काचा. सगळ्यात जड काचाच.

प्रवाह तुमच्या विरुद्ध आहे. वारा असला तर शीड, नाही तर माणसं. माणसं काठावर उतरतात, खांद्यावरून छातीवर पट्टा घेतात, पट्ट्याची दोरी मुख्य दोराला अडकवतात आणि ओणवी होऊन चालू लागतात. दोर वेतासारख्या विणलेल्या बांबूच्या पट्ट्यांचा, ताणला की कुरकुरतो. काही ठिकाणी काठ म्हणून काही नाहीच, सरळ कडा आहे. तिथे खडकात खोदून काढलेली वाट आहे, वर डोकं टेकेल इतपत. शतकानुशतकं दोर घासून कोपऱ्यांवरच्या खडकात खाचा पडल्यात. त्यात हात घालून बघा. विहिरीच्या काठाला राहाटाच्या दोरानं पडतात तशाच, फक्त मनगट बुडेल एवढ्या खोल.

शिनतानला नाव थांबते. नदीच्या या पट्ट्यातला हा बदनाम ओघ, आणि हिवाळ्यात पाणी उतरलं की अधिकच वाईट. फार पूर्वी डोंगर खचून नदीत आला, त्याचे धोंडे अजून पात्रात पडून आहेत. पाणी त्यांच्यावरून पायऱ्या उतरावं तसं उतरतं. त्या पायऱ्या नावेला चढायच्या आहेत. माल उतरवतात, उतारू उतरवतात. तुम्ही धोंड्यांवरून चालत निघता. काठावर आपलं सगळं गावच या ओघावर जगतं: चहाच्या टपऱ्या, भाताची दुकानं, दोर विकणारे, चटयांच्या झोपड्यांत राहणारे हंगामी ओढकरी. खाली लाल रंगाच्या जीवरक्षक होड्या तयार उभ्या. त्या लाल होड्यांकडे बघितलं की पोटात गोळा येतो.

तुमच्या आधी एका मोठ्या मालवाहू जहाजाची पाळी आहे. त्याला माणसं लागतात शेकड्यांनी. दोर काठावर लांबवर पसरतो आणि त्याला माणसं मण्यांसारखी लागतात. जहाजावर ढोल वाजतो. ढोलाची लय बदलली की ओढण्याची बदलते. पाण्याच्या गर्जनेत हाक ऐकू जाणार नाही, ढोल जातो. माणसं इतकी वाकतात की हातांची बोटं जमिनीला लागतात. थंडीतही बऱ्याच जणांच्या अंगावर चिंधीसुद्धा धड नाही. किती तरी वेळ जहाज जागचं हलत नाही. मग वीतभर. मग पुन्हा काही नाही. मुकादम चाबकाचा तुकडा घेऊन ओरडत, नाचत, मध्येच कुणाच्या पाठीत हाणत धावतोय.

बाई तिकाटणं मांडतात. डोक्यावर काळं फडकं घेतात.

आता तुम्हाला एक गोष्ट कळेल, जी त्यांनाही कळलेली आहे. भिंग उघडलं आणि माणूस हलला तर प्लेटवर त्याचा धूर होतो. ही माणसं हलतातच, हलणं हीच त्यांची मजुरी. मोठा कॅमेरा त्यांना पकडू शकतो ते थांबलेली असताना. जेवताना, दोर गुंडाळताना, झोपडीपुढे बसलेली असताना. खरं ओढणं, ती बोटं जमिनीला लागण्याची घटका, ती शब्दांतच लिहावी लागते. बाईंनी लिहिलीही. सुरुवातीला त्यांना ही माणसं ओंगळ, गोंगाट करणारी, अफूबाज वाटली. वान शहर येईपर्यंत त्यांच्या चिवटपणाला, थट्टामस्करीला, इतक्या हालात टिकलेल्या चांगुलपणाला त्या मानू लागल्या. त्यांचं कष्टाचं मोजमाप बाईंनी नीट केलं. नावं मात्र लिहिली नाहीत. इतोचं नाव आहे, पेन्रिउकचं आहे, बे-दिएनचं आहे. ओढणाऱ्या सोळांपैकी एकाचंही नाव मला ठाऊक नाही, तुम्हालाही होणार नाही.

रात्र. नाव काठाला बांधलेली. नाळेकडे भाताचा वास, मग भांडणं, मग हसणं, मग एकेक करून अफूचे दिवे लागतात. गोडसर, जड वास फळ्यांच्या फटींतून आत येतो. बाई या वेळेची वाटच बघत होत्या. डार्करूम म्हणून त्यांच्याकडे एकच गोष्ट आहे, रात्र. तुम्ही मदतीला लागा. फटी बुजवायच्या: कपडे, कागद, घोंगडी, हाताला येईल ते. एक फट राहिली तर अफूच्या दिव्याची चिमूटभर तांबूस तिरीप आत येईल आणि दिवसभराची मेहनत काळी पडेल. कुणीतरी कूस बदलतो, नाव हलते, बशीतलं डेव्हलपर हिंदकळतं.

ज्यांनी कधी घरच्या न्हाणीत लाल दिवा लावून फोटो धुतले असतील, त्यांना पुढचं सांगायला नको. काच द्रावणात बुडते. आधी काहीच नाही. मग आकाशाच्या जागी काळोख उमटतो, कड्यांच्या जागी उजेड. सगळं उलटं. शिनतानचा फेस काळाकुट्ट, माणसांचे चेहरे काळ्यावर पांढरे नि पांढऱ्यावर काळे. मग हायपोची, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या औषधाची, बशी. आणि मग पाणी, भरपूर पाणी, कारण हायपो राहिला तर फोटो टिकायचा नाही.

आपल्याकडे रोल ‘धुवायला’ टाकत असत. हा शब्द इतक्या अक्षरशः कुणी अमलात आणला नसेल. बाई फळी सरकवतात आणि काच सरळ यांगत्सेत धरतात. वीतभर खाली नदी वाहतेय. जगातल्या मोठ्या नद्यांपैकी एक, आणि ती एका म्हातारीच्या फोटोंवरून हायपो धुतेय. अडचण एवढीच की यांगत्से गढूळ आहे. तिबेटच्या पठारापासूनचा गाळ ती घेऊन निघाली आहे, आणि त्यातला अगदी तलम थर ओल्या जिलेटिनवर बसतो. शेवटचं पाणी म्हणून गाळून घेतलेलं थोडं स्वच्छ पाणी वापरायचं, तरी पुसटसा पापुद्रा राहतोच. मग ओल्या काचा खोलीत जिथे जागा सापडेल तिथे लटकवायच्या. बिछान्याच्या वर, बुजवलेल्या फटींच्या खिळ्यांना. तुम्ही झोपता तेव्हा तुमच्या डोक्यावर ओढकरी वाळत असतात.

सकाळी कागदावर छापायचं काम. त्याला ऊन लागतं. काच आणि कागद चौकटीत घालून ती चौकट नावेच्या बाजूला बाहेर टांगायची. खिंडीत ऊन येतं ते घटकाभर, दोन कड्यांच्या मधून. ते आलं की बाई उठून चौकटी फिरवतात. भाकरी भाजताना जसं लक्ष ठेवावं तसं त्या फोटोवर लक्ष ठेवतात. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली ही एक गोष्ट त्या निव्वळ आनंदासाठी करतात. पत्रात त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं. इथे नदी, ऊन आणि काच यांच्यात त्या एकट्याच असल्या तरी चालतं.

पण काठावरून हे बघणारे आहेत. त्यांच्या बाजूला जरा उभे राहा. एक घाऱ्या डोळ्यांची परदेशी बाई. नवरा नाही, घर नाही, व्यापार नाही. दिवसभर डोंगरांकडे काळी पेटी रोखते. रात्री खोलीच्या सगळ्या फटी बुजवून आत काहीतरी करते. सकाळी नावेला काहीतरी टांगते. तुम्ही काय म्हणाल? तिथले लोक म्हणाले, पेटीत काळं भूत आहे. परदेशी माणसाचे निळे-घारे डोळे जमिनीच्या आत बघतात, डोंगरातलं सोनं शोधतात, आणि रात्री भूत मोकळं सोडून ते खणून काढतात. थॉमसनलाही पंचवीस वर्षांपूर्वी हेच ऐकावं लागलं होतं, आणखी एक भर घालून: ज्याचा फोटो निघाला तो लवकरच मरतो. याहून भयंकर वावडी होती फोटोच्या औषधांची. ती मुलांच्या डोळ्यांपासून बनवतात म्हणे. १८७० मध्ये तिआनजिनला दंगल होऊन मिशनऱ्यांसकट परदेशी मारले गेले, त्यामागे अशा अफवा होत्या.

अडाणीपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण वर्षापूर्वीच, १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहानं जपाननं चीनकडून बेट घेतलं, दंड घेतला, याच नदीवरची चुंगकिंगसारखी बंदरं आपल्या व्यापाराला उघडून घेतली. इंग्रजांचा डोळा यांगत्सेवर होताच, आणि बाईंच्या पुस्तकात व्यापाराचे आकडे उगीच आलेले नाहीत. परदेशी डोळा डोंगरातलं सोनं शोधतो, हे काठावरच्या म्हाताऱ्याचं म्हणणं तपशिलात चुकीचं असेल.

वानला नाव सोडून तुम्ही पालखीवजा खुर्चीतून खुष्कीच्या वाटेनं निघता. ल्यांगशान गावाच्या वेशीतून आत शिरता आणि मागे गर्दी गोळा होते. आधी शिव्या. ‘परदेशी सैतान’, ‘पोरं खाणारी’. मग खुर्चीवर काठ्या. सराईत कसंबसं शिरून तुम्हाला अंधाऱ्या खोलीत कोंडतात, आतून दाराला जे मिळेल ते लावतात. बाहेर शेकडो गळे. दारावर धडका, फटींतून काठ्या आत येतात, आग लावा अशी ओरड. बाईंच्या हाताशी पिस्तूल आहे. त्या बसून राहतात. अखेरीस यामेनमधून, म्हणजे सरकारी कचेरीतून, शिपाई येतात आणि गर्दी पांगते. पुढे आणखी एका गावी दगड डोक्याला लागून त्या बेशुद्ध पडल्या. तरी परतल्या नाहीत. चेंगदूच्या मैदानातून, जिथे माणसं एकचाकी ढकलगाडीवर बसून प्रवास करतात, त्या पश्चिमेच्या बर्फाळ डोंगरांतल्या मांत्झे लोकांपर्यंत गेल्या.

त्या कोंडलेल्या खोलीत असताना तुम्हाला कासुकाबे आठवतं का? मला आठवतं. कागदाच्या भोकांना लागलेले डोळे आणि फळ्यांच्या फटींतून आलेल्या काठ्या. अठरा वर्षं आणि एक समुद्र मध्ये आहे, पण आतली बाई तीच. फरक असा की कासुकाबेची रात्र हेनीला पत्रात सांगता आली.

ही बघाबघी एकतर्फी नव्हती, हे मराठी वाचकाला तरी सांगायला नको. बाई जपानहून परतल्यावर चार-पाच वर्षांतच, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि अमेरिकेतून गोपाळरावांना पत्रं लिहू लागल्या. १८८५ मध्ये त्यांचा फिलाडेल्फियात फोटो निघाला. जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लांबुली या दोन सहविद्यार्थिनींबरोबर, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. बर्डबाई जगाच्या ज्या बाजूला कॅमेरा घेऊन जायच्या होत्या, ती बाजू इथे स्वतः स्टुडिओत जाऊन बसली होती. आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तकच काढलं. तिथली घरं, शाळा, बायकांच्या संस्था, पाळीव जनावरंसुद्धा. रमाबाईंच्या त्या पुस्तकाला ‘पेटीतलं काळं भूत’ कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. कोणाच्या हातात वही आहे यावर ते भूत आहे की नाही हे ठरत असावं.

आता तुम्हाला परत आणायचं. वाटेत एकदा शिनतानला थांबू, पण साल बदलून. १२ जून १९८५ च्या पहाटे तोच डोंगर पुन्हा खचला आणि शिनतान गाव नदीत गेलं. अभ्यासकांचं लक्ष होतं, लोकांना आधीच हलवलं होतं, म्हणून गावातलं कुणी गेलं नाही. २००३ च्या जूनमध्ये नदीच्या खालच्या अंगाला बांधलेल्या धरणाचं पाणी चढू लागलं. ओघ, धोंडे, खडकातली ओढकऱ्यांची वाट, दोरानं पडलेल्या खाचा, वानची जुनी नदीकाठची आळी, सगळं बुडालं. तुम्ही मनगटापर्यंत हात घातला होता ती खाच आता कित्येक मीटर पाण्याखाली आहे. बाईंचे फोटो लंडनला सोसायटीच्या संग्रहात आहेत, हेनीची पत्रं एडिंबराला राष्ट्रीय ग्रंथालयात. मूळ छाप बघायला मिळाला तर आकाशाचा भाग उजेडात तिरका धरून बघा. यांगत्सेचा पुसट पापुद्रा एखाद्यावर सापडायला हरकत नाही.

आणि टोबरमोरी. ७ ऑक्टोबर १९०४ रोजी एडिंबरामध्ये इसाबेला बर्ड वारल्या. पुढच्या चीन प्रवासासाठी ट्रंका भरलेल्या होत्या म्हणतात. धक्क्यावरचा घड्याळाचा मनोरा १९०५ मध्ये उभा राहिला, त्यांच्या पैशातून. तो हेन्रिएटाच्या नावानं आहे.